एसएसचं (स्टेनलेस स्टीलचं) फिटिंग गळतं कशानं? मराठवाड्याच्या पाण्यात टिकेल अशी लाइन टाकायची रीत

"साहेब, पाइप तर स्टीलचा हाय, मग गळायलाय कसा?"

वाळूजच्या एका खाद्यप्रक्रिया कारखान्यात आरओच्या रिजेक्ट लाइनखाली (पाणी शुद्ध करताना उरलेलं खारट पाणी जाते ती लाइन) बादली लावून उभे असलेले फिटर मामा मला विचारत होते. दीड इंची लाइन, ग्रेड ३०४, टाकून दोन उन्हाळेही झाले नव्हते. एल्बोच्या वेल्डला लागून सुईच्या टोकाएवढं छिद्र, भोवती तपकिरी डाग आणि थेंब थेंब गळती. मामांनी पुसून त्यावर आरगॉन वेल्डिंगचा टाका मारला. आठवड्याभरात दोन इंच पुढं दुसरा थेंब आला. शेवटी एल्बो कापून उभा चिरला. आतल्या अंगाला बारीक तोंड आणि धातूच्या पोटात बाजरीचा दाणा मावेल एवढी पोकळी. असे खड्डे सगळ्या लाइनभर होते, फुटायच्या रांगेत उभे.

ही लाइन ३०४ मध्ये टाका असं सांगणारा मीच होतो. माझी चूक ग्रेडची नव्हती, पाणी न बघता ग्रेड सांगण्याची होती. तेव्हापासून मी ज्या क्रमानं काम करतो तोच इथे लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. स्टेनलेस म्हणजे न गंजणारं लोखंड नव्हे. लोखंडात साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम घातलं की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर आपोआप तयार होतो. ओरखडा पडला तरी हवा-पाण्यातला ऑक्सिजन मिळाला की तो पुन्हा भरून येतो. संरक्षण काय ते एवढंच. क्लोराइड, म्हणजे पाण्यातल्या मिठाचा घटक, हा थर एखाद्या ठिकाणी फोडतो आणि मग तिथंच आत आत खात जातो. एमएसचा (साध्या लोखंडाचा) पाइप सगळीकडून गंजत हळूहळू पातळ होतो, दिसतो तरी. एसएस बाहेरून चकाचक राहून एका बिंदूत फुटतं.

पाण्याचा रिपोर्ट, तोही मे महिन्याचा

स्टोअरमध्ये टीडीएस पेन (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारं) असतं आणि तेवढ्यावर लोक निर्णय घेतात. टीडीएसवरून क्लोराइड कळत नाही. लॅबकडून क्लोराइड, पीएच, सल्फेट आणि हार्डनेस एवढं तरी लिहून घ्या. क्लोराइडची थेंब टाकून तपासायची साधी किटही मिळते, ती कारखान्यात ठेवावीच.

नमुना कधी घेतला याला आपल्याकडे फार महत्त्व आहे. ऑगस्टमध्ये जायकवाडीचं पाणी एमआयडीसीच्या नळाला पुरेसं येतं, रिपोर्ट सुंदर येतो. मार्च उलटला की बोअर चालू होतात, एप्रिलमध्ये टँकर, आणि टँकरवाला कुठल्या विहिरीवर भरतो हे त्यालाही विचारू नये. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तशा वर्षी कारखान्याच्या पाइपात कुठलं पाणी फिरेल याचा भरवसा कोण देणार? ग्रेड ठरवायची ती सगळ्यात वाईट महिन्याच्या पाण्यावर.

दुसरं म्हणजे पाणी प्लांटमध्ये शिरल्यावर तसंच राहत नाही. माझा घोळ इथंच झाला होता. त्या कारखान्याच्या फीडचं क्लोराइड लिटरला ३१० मिलिग्रॅम होतं. आरओची रिकव्हरी ६५ टक्के. म्हणजे शंभर लिटरमधलं जवळपास सगळं मीठ पस्तीस लिटर रिजेक्टमध्ये गोळा होतं. ३१० भागिले ०.३५, हिशेब ८८५ च्या घरात जातो. कूलिंग टॉवरचंही तेच: २५० चं पाणी चार सायकलवर, म्हणजे वाफ उडून मीठ चौपट होईपर्यंत, चालवलं की फिरणारं पाणी १००० चं. नळाचा रिपोर्ट हातात धरून टॉवरच्या लाइनची ग्रेड ठरवू नका.

मग ग्रेड

३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. ३१६ मध्ये १६ ते १८ क्रोमियम, १० च्या वर निकेल आणि वर २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम. पैसे या मॉलिब्डेनमचे लागतात आणि क्लोराइडशी लढतं तेही तेच. साध्या तापमानाच्या, वाहत्या, पीएच सातच्या आसपासच्या पाण्यासाठी वापरात असलेला ढोबळ अंदाज असा: क्लोराइड लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत ३०४, १००० पर्यंत ३१६. त्याच्या पुढं डुप्लेक्स २२०५ ही ग्रेड, ज्यात २२ टक्के क्रोमियम आणि ३ टक्के मॉलिब्डेनम असतं.

हे आकडे कागदावरचे. पाणी साचून राहणार असेल, तळाला गाळ बसणार असेल किंवा तापमान चढणार असेल तर दोन्ही मर्यादा खाली ओढा. ६० अंशांच्या आसपास आणि वर आणखी एक दुखणं सुरू होतं. वेल्डिंगनं किंवा वाकवल्यानं आत ताण राहिलेल्या जागी क्लोराइडमुळं बारीक फांद्यांसारख्या भेगा जातात. ३०४ आणि ३१६ दोन्हींत जातात, ३१६ फक्त जरा उशिरा. गरम, खारट पाण्याला ३१६ टाकलं म्हणजे निश्चिंत, हा समज काढून टाका.

नावापुढचं 'एल' विसरू नका. ३०४ मध्ये कार्बन ०.०८ टक्क्यापर्यंत चालतो, ३०४एलच्या फिटिंगमध्ये ०.०३० पर्यंतच. वेल्डच्या बाजूची पट्टी साधारण ४५० ते ८५० अंशांत राहते तेव्हा हा कार्बन क्रोमियमला धरून बसतो आणि तिथलं संरक्षण कमी होतं. वेल्ड होणारं प्रत्येक फिटिंग एल ग्रेडचंच मागवा.

आणि काही ठिकाणी एसएस नकोच. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडला ३०४ चालत नाही, ३१६ही नाही. हायपोक्लोराइटच्या डोसिंग लाइनलाही नाही. साखर कारखान्यात ऑफ सीझनला ज्या लाइनमधून असं अ‍ॅसिड फिरवतात तिथं एसएसचा तुकडा 'तात्पुरता' जोडलेला मी पाहिलाय, तो खरोखरच तात्पुरता ठरला. माझ्या त्या रिजेक्ट लाइनचा इलाजही शेवटी महाग धातू नव्हता. पाणी थंड, प्रेशर नावाला, लाइन शेडच्या आत. सरळ यूपीव्हीसी टाकली. पर्चेसवाले खूश झाले आणि मी गप्प बसलो.

जोड कसला हवा

फिटिंगचे प्रकार दुकानात ढीगभर असले तरी निवड जोडावरून होते. दोन इंच आणि वर असेल तर बट वेल्ड, म्हणजे टोकाला टोक भिडवून केलेला वेल्ड. मापं एएसएमई बी१६.९ या मानकाची, मटेरियल एएसटीएम ए४०३, आणि अंगावर डब्ल्यूपी३०४एल किंवा डब्ल्यूपी३१६एल असा शिक्का. आतून सपाट, कुठं फट नाही, म्हणून गंजाच्या दृष्टीनं हा सगळ्यात चांगला जोड. एल्बो शक्यतो लाँग रेडियस घ्या, दोन इंचीचं मध्यापासून टोकाचं अंतर ७६ मिलिमीटर भरतं. शॉर्ट रेडियसचं ५१ असतं, जागा नसेल तेव्हाच.

दीड इंचाच्या खाली प्रेशर लाइनला सॉकेट वेल्ड (पाइप फिटिंगच्या खोबणीत घालून बाहेरून वेल्ड) किंवा थ्रेडेड, म्हणजे आट्यांचं, फोर्ज्ड फिटिंग, बी१६.११ ची, क्लास ३००० पासून. यात एक मेख आहे. सॉकेटमध्ये पाइपच्या टोकाभोवती फट उरतेच. खारट पाण्याला आणि स्वच्छता लागणाऱ्या मालाला ती फट म्हणजे घरचा शत्रू, कारण आत ऑक्सिजन पोचत नाही, थर भरून येत नाही. तिथं छोट्या मापातही बट वेल्डच करतो मी. डेअरी, ज्यूस, बीअर असेल तर ट्राय क्लॅम्प किंवा एसएमएस युनियन (खोलून धुता येणारे जोड), त्यावर वाद नको.

पाइपची जाडीही जुळवा. दोन इंची पाइपचा बाहेरचा व्यास ६०.३ मिलिमीटर, तो कायम. शेड्यूल म्हणजे जाडीचा वर्ग: १०एसची जाडी २.७७, ४०एसची ३.९१. पाइप १०चा आणि एल्बो ४०चा आला की आत पायरी तयार होते आणि गाळ नेमका तिथंच बसतो.

माल ताब्यात घेताना

फिटरच्या खिशात लोहचुंबक असतंच. चिकटलं नाही की माल अस्सल, असं तो सांगतो. या परीक्षेवर माझा विश्वास नाही. २०२ ग्रेडमध्ये निकेल ४ ते ६ टक्केच, बाकीचं काम मँगनीज करतं, पण चुंबकाला तेही चिकटत नाही. उलट सीएफ८ चं, म्हणजे ३०४ च्या ओतीव रूपाचं, कास्टिंग किंवा थंड अवस्थेत वाकवलेला अस्सल ३०४ चा एल्बो चुंबकाला थोडा ओढतो. म्हणजे खोटा माल पास आणि खरा नापास. चुंबकानं फार तर एमएसला चकाकी दिलीय का तेवढं कळतं.

करायचं असं. मालाबरोबर मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागायचं, ईएन १०२०४ प्रकार ३.१ चं. त्यावरचा हीट नंबर (धातू भट्टीच्या कुठल्या घाण्यातून निघाला त्याचा क्रमांक) आणि फिटिंगवर कोरलेला हीट नंबर उजेडात धरून जुळवायचा, सगळ्या नाही तरी प्रत्येक मापातल्या चार नगांवर. एकदा एका पुरवठादारानं कागद ३१६एलचा दिला होता, नग मात्र तीन वेगवेगळ्या हीटचे निघाले आणि दोघांवर हीटच नव्हती. ३१६ आहे का याची शंका आली तर मॉलिब्डेनमची ड्रॉप टेस्ट किट वापरा, थेंबाचा रंग बदलतो का ते बघायचं. मोठी ऑर्डर असेल तर हातातल्या गनसारख्या यंत्रानं पीएमआय, म्हणजे धातूत काय काय आहे याची तपासणी, करून घ्या. पाचशे नगांत दहाच तपासले तरी पुरवठादाराला कळतं की हे गिऱ्हाईक तपासतं, आणि पुढचा माल नीट येतो.

हार्डवेअरच्या दुकानातलं १५० पाउंडवालं थ्रेडेड कास्टिंग पिण्याच्या पाण्याला, कॉम्प्रेसरच्या साध्या हवेला ठीक. वाफेला आणि केमिकलला ते वापरू नका.

कापणं, ठेवणं

एमएस कापलेली चाकं, एमएसचा वायर ब्रश, एमएसचं टेबल: एसएसला या तिघांपासून लांब ठेवा. लोखंडाचे कण पृष्ठभागात रुततात, पहिल्या पावसात त्यांना गंज चढतो आणि त्याखाली एसएसचा थर फुटतो. "नवंकोरं स्टील आठ दिवसात गंजलं" या तक्रारीमागं बहुतेक वेळा हेच असतं. जालन्यात रोलिंग मिलच्या शेजारी काम असेल तर लोखंडाची धूळ वाऱ्यानंच येऊन बसते, तिथं पाइप झाकूनच ठेवायचे. मी एसएसच्या ग्राइंडरला निळी टेप गुंडाळायला लावतो आणि त्याची चाकं वेगळ्या डब्यात, कुलूप लावून. कुलूप हास्यास्पद वाटतं, पण रात्रपाळीत चाक संपलं की कुणी आणि कुठलं उचललं हे सकाळी कुणालाच आठवत नसतं.

आरगॉन: बाहेरून मारतो, आतून कोण मारणार?

लाइनचं आयुष्य या पायरीवर ठरतं. फिलर वायर: ३०४एलला ईआर३०८एल, ३१६एलला ईआर३१६एल, एसएस-एमएस जोडाला ईआर३०९एल. जीआयचा (जस्त चढवलेला) पाइप जोडायचा असेल तर जस्त पूर्ण काढल्याशिवाय वेल्ड नको, वितळलेलं जस्त एसएसमध्ये भेगा पाडतं.

टॉर्चमधून येणारा आरगॉन बाहेरच्या बाजूची हवा अडवतो. पाइपच्या आतल्या बाजूला मात्र हवाच असते. तिथं वेल्डचं मूळ जळून काळं, खरखरीत होतं, त्याला आमचे लोक साखर धरली म्हणतात. या काळ्या खपलीखालच्या धातूत क्रोमियम कमी झालेलं असतं. पहिला खड्डा तिथंच पडतो. मामांच्या चिरलेल्या एल्बोतही खड्ड्यांची रांग वेल्डच्या कडेनंच होती.

म्हणून आतून पर्जिंग, म्हणजे पाइपात आरगॉन भरून हवा बाहेर काढणं. दोन्ही टोकं टेपनं बंद करा, आरगॉन हवेपेक्षा जड म्हणून खालच्या टोकातून आत सोडा, वरच्या टोकाला छोटं भोक ठेवा. किती वेळ? आतल्या घनफळाच्या पाच-सहा पट गॅस जाऊ द्यायचा. दोन इंची, १०एस, सहा मीटरच्या पाइपात साधारण १४ लिटर मावतं. सहापट म्हणजे ८४ लिटर. मिनिटाला १० लिटरनं सोडलं तर आठ-नऊ मिनिटं. वेल्डर दोन मिनिटांतच घाई करतो, कारण त्याचा दर जॉइंटवर असतो. आरगॉनचं बिल वाचवायला मालकही त्याचीच बाजू घेतो. तिथं उभं राहावं लागतं, दुसरा उपाय नाही. खड्ड्यात किंवा टाकीत काम असेल तर मात्र आरगॉन खाली साचून माणूस न कळता गुदमरतो. हवा खेळती ठेवा आणि वर एक माणूस उभा हवाच.

एक पास झाल्यावर पुढच्या पासआधी तापमान १५० अंशांच्या खाली येऊ द्या. सॉकेट वेल्ड असेल तर पाइप तळाला टेकवून मग दीड मिलिमीटर मागं ओढायचा, नाहीतर गरम होऊन पसरला की वेल्डच फाटतो.

वेल्डच्या बाजूचा रंग बघायला शिका. चंदेरी किंवा फिकट पिवळा असेल तर पर्जिंग बरं झालं. निळा, जांभळा, काळा असेल तर ती जागा पिकलिंगशिवाय, म्हणजे खालच्या पेस्टनं साफ केल्याशिवाय, सोडू नका.

पिकलिंग

पेस्टमध्ये नायट्रिकबरोबर हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड असतं. हे दुसरं अ‍ॅसिड कातडीतून आत हाडापर्यंत जातं आणि सुरुवातीला दुखतही नाही. अ‍ॅसिड चालेल असे हातमोजे, फेसशील्ड, आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जेलची ट्यूब जवळ, एवढं नसेल तर डबा उघडू नका. जेल लावून झालं की दवाखाना, घरी नाही.

ब्रशनं पेस्ट लावा, डब्यावर लिहिलाय तेवढाच वेळ ठेवा. मे महिन्याच्या उन्हात तर सावलीतच, कारण पेस्ट वाळली की डाग पडतात आणि धुतानाही त्रास. धुवायला बोअरचं पाणी घेऊ नका, आरओचं किंवा डीएमचं (क्षार काढलेलं) घ्या. क्लोराइडपासून वाचवायला केलेलं काम क्लोराइडनंच धुवायचं, हा विनोद मी दोन ठिकाणी पाहिलाय. धुतलेलं पाणी चुन्यानं उदासीन करून ईटीपीला (सांडपाणी प्रक्रिया प्लांटला), गटारात नाही.

आटे, गास्केट, क्लॅम्प

बीएसपी आणि एनपीटी ही आट्यांची दोन घराणी. अर्ध्या आणि पाऊण इंचात दोन्हींचे इंचाला १४ आटे, म्हणून एक दुसऱ्यात बिनबोभाट चढतं. पण बीएसपीचा कोन ५५ अंश, एनपीटीचा ६०. टेफ्लॉन टेप कितीही गुंडाळा, चार दिवसांनी पाझरणारच. इम्पोर्टेड मशीनला आपलं निपल लावताना हे नेहमी घडतं. एसएसचे आटे एकमेकांना धरतातही, जोरात पाना मारला की जाम. टेप किंवा निकेलचं अँटिसीझ लावा आणि हळू फिरवा.

गास्केटला क्लोराइड नसलेला माल, बहुतेक ठिकाणी पीटीएफई किंवा ईपीडीएम. एमएस क्लॅम्प थेट पाइपवर नको, मधे रबर. गरम लाइनच्या इन्सुलेशनमध्ये पाणी शिरलं की क्लोराइड पाइपवर साठत जातं, म्हणून वरच्या पत्र्याचे जोड सील करा.

टेस्टिंग आणि त्यानंतर

हायड्रो टेस्ट (लाइनमध्ये पाणी भरून दाब देऊन तपासणं) साधारणपणे डिझाइन प्रेशरच्या दीडपट. टेस्टचं पाणी क्लोराइड ५० च्या आतलं. ते मिळत नसेल तर प्लांटचंच आरओ परमिएट (आरओतून शुद्ध होऊन आलेलं पाणी) टाकीत साठवून वापरा. टेस्ट झाली की त्याच दिवशी पाणी काढा आणि हवा मारून लाइन वाळवा. 'कमिशनिंग पुढच्या महिन्यात आहे, राहू दे पाणी' असं म्हणून ठेवलेल्या लाइन चालू होण्याआधीच जिवाणूंमुळं वेल्डजवळ फुटल्याची उदाहरणं पाइपिंगवाल्यांत सगळ्यांना माहीत आहेत. हवेनं प्रेशर टेस्ट शक्यतो टाळा. फिटिंग सुटलं तर गोळीसारखं जातं.

लाइन चालू झाली की हाउसकीपिंगच्या माणसांशी बोला. फरशी धुवायचं अ‍ॅसिड म्हणजे हायड्रोक्लोरिकच. पाइपखालची फरशी रोज त्यानं धुतली तर वाफेनंच बाहेरून डाग पडायला लागतात.

आणि एक खर्च मी आता प्रत्येक इस्टिमेटमध्ये घालतो: लाइनच्या सगळ्यात खालच्या, सगळ्यात संथ जागी दोन फ्लँजमधला फूटभराचा सुटा तुकडा, मधोमध एक वेल्ड असलेला. जाडी मोजायचं यंत्र खड्डे सहजासहजी पकडत नाही, डोळा पकडतो. दिवाळीच्या शटडाऊनला बोल्ट काढायचे, तुकडा उन्हात नेऊन आत टॉर्च मारायची आणि वेल्डच्या कडेनं बोट फिरवायचं. वाळूजच्या त्या कारखान्यातल्या फीड लाइनवर मामांनी गेल्या खेपेला असा तुकडा उघडला. टॉर्च मारून बराच वेळ बघितलं, मग माझ्याकडं देत म्हणाले, "गुळगुळीत हाय साहेब. लावू का परत?"